गुहागरची तीन सकाळ-संध्याकाळ

सातारा,
दि. १७ मार्च २०२६

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला गुहागरला येण्याचे तू ऐन वेळी रद्द केलेस आणि आठ जणांच्या खोलीत झोपण्याचे आपले वय राहिले नाही, असे कारण दिलेस. साताऱ्याच्या धनिणीच्या बागेतल्या बोर्डिंगात चार वर्षे सतरंजीला सतरंजी लावून झोपलेल्या माणसाने असे म्हणावे, याचे मला हसू आले. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

शुक्रवारी सकाळच्या एसटीने पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो आणि चिपळूणला गाडी बदलून दुपारी गुहागर गाठले. आपल्या कोयनेचे पाणीही वीज तयार करून झाल्यावर वाशिष्ठीत उतरते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते, म्हणजे आपल्या आधी आपले पाणी कोकणात पोहोचलेले असते, असा विचार घाटभर मनात येत राहिला.

हॉस्टेल माडाच्या वाडीत आहे. दुमजली लोखंडी खाटा, प्रत्येकाला कुलपाचे छोटे कपाट आणि अंगणात न्हाणीघरे. खालची खाट ठरवून घेतलेली असताना मला वरची दिली, याचा राग आला होता. परंतु नाशिकच्या एका मुलाने न मागता आपली जागा मला दिली आणि स्वतः वर गेला. माझ्या घोरण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, मात्र शनिवारी सकाळी त्याच मुलाच्या कानात कापसाचे बोळे दिसले.

कासवांसाठी मात्र तिष्ठावे लागले. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि खड्डा बुजवून समुद्रात निघून जाते, ती त्या घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही. कोल्ह्या-कुत्र्यांनी अंडी उकरू नयेत म्हणून कासवमित्र पहाटे घरटी शोधतात आणि कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीवर ती पुन्हा पुरतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. प्रत्येक घरट्यावर टोपली पालथी घातलेली आणि शेजारी तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी असते. शुक्रवारी संध्याकाळी टोपल्या उचलल्या, तर खाली कोरडी वाळू. शनिवारी सकाळ-संध्याकाळ तेच. पुण्याचे एक कुटुंब कंटाळून परत गेले, आणि खरे सांगतो, माझाही धीर सुटत आला होता.

रविवारी उजाडताना एका टोपलीखाली वाळू वाटीएवढी खचलेली दिसली. बघता बघता तिच्यातून एक काळपट चोच वर आली, मग एक पाय, आणि पाठोपाठ तेवीस पिल्ले. प्रत्येक जेमतेम अंगठ्याएवढे! ती थेट पाण्यात न सोडता दहा-पंधरा पावले अलीकडे वाळूवर ठेवली. आम्ही दोरीमागे उभे होतो. फ्लॅशला सक्त मनाई, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात. त्यांच्या मागे शिवणयंत्राच्या टाक्यांसारख्या रेघा उमटत होत्या. एक पिल्लू कुणाच्या तरी टाचेच्या खळग्यात अडकले. नाशिकचा मुलगा नकळत पुढे वाकला, तसे कासवमित्राने त्याला हाताने थांबवले. पिल्लू दोनदा घसरले, तिसऱ्यांदा काठावर चढले आणि पुढच्या लाटेने त्याला नेले. खोलीतले आम्ही आठही जण गप्प होतो. याच किनाऱ्यावरून २०२३ साली उपग्रह ट्रान्समीटर लावून सोडलेली ‘बागेश्री’ नावाची मादी पार श्रीलंकेपर्यंत गेली होती, हे नंतर चहा पिताना कळले.

परतताना सुरूच्या झाडांवरून एक समुद्रगरुड गेला, पण त्याचे वर्णन भेटीत करीन.

कामाचे तेवढे सांगतो. कुंपणातल्या एका पाटीवर १४ फेब्रुवारी ही तारीख होती, म्हणजे ते घरटे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फुटण्याचा संभव आहे. मी ४ आणि ५ एप्रिलसाठी खालच्या दोन खाटा सांगून ठेवल्या आहेत आणि या वेळी तसे लिहूनही घेतले आहे. येणार की नाही, ते रविवारपर्यंत कळव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सुधाकर