उभी राहा, पण आधी बूथ मोज

प्रिय पोरी,

तुझा तो प्लॅन वाचला, दोनदा वाचला. पदयात्रा आहे, रील्स आहेत, घोषणा तर दोन-दोन आहेत, जाहीरनाम्याचं नुसतं पुस्तक केलंयस आणि पाण्याचा भाग खरंच चांगला लिहिलायस, पण अख्ख्या प्लॅनमध्ये बूथ हा शब्द एकदाही नाही गं. २०२९ ला लोकसभेला अपक्ष उभं राहायचं म्हणतेस, समोर इतकी वर्षं बसलेला खासदार, आणि बूथच नाही? फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच सुरू होतेस म्हणून लिहितेय, लांबेल, निवांत वाच.

नोकरीत असताना निवडणुकीची ड्युटी मला कधी चुकली नाही हे तुला माहितीये, घरी येऊन पाय शेकत बसायचे तेव्हा तू हसायचीस. पण केंद्राध्यक्षाच्या खुर्चीवरून जे दिसतं ते सभेच्या स्टेजवरून दिसत नाही. मतदान सातला सुरू होतं पण आमचं मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, साडेपाचला. बाहेर अंधार असतो, वर्गातला एकच बल्ब लागतो, आणि उमेदवारांच्या एजंटांसमोर निदान ५० मतं टाकून दाखवायची, मोजायची, मशीन परत शून्यावर आणायचं, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या बाहेर काढायच्या आणि मग ते हिरवं कागदी सील लावायचं, त्यावर एजंटांच्या सह्या. एजंट आले नसतील तर १५ मिनिटं थांबायचं नि पुढं जायचं. आता मशीनवर नावं किती असतात, दहा-बारा, कधी पंधरा. आणि बाकावर एजंट किती? दोन. फार तर तीन. ज्यांची गाडी आठवडाभर गावात कर्कश भोंगा लावून फिरत होती त्यांचंसुद्धा कोणी नाही. संध्याकाळी मतदान संपलं की फॉर्म १७ सी भरायचा, म्हणजे या मशीनमध्ये एकूण किती मतं पडली त्याचा हिशोब, आणि त्याची प्रत हजर असेल त्या प्रत्येक एजंटाला द्यायची. ती प्रत घ्यायला अपक्षाचं माणूस क्वचितच दिसायचं मला. २०२४ ला मतदानाच्या आकड्यांवरून केवढा गदारोळ झाला, याच १७ सी वरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेले लोक. पण ज्याचा एजंटच बसलेला नाही त्याच्या हातात कागदच नाही, तो मोजणीच्या दिवशी कशाशी काय ताडून बघणार?

तर हिशोब कर. महाराष्ट्रात खासदार ४८, आमदार २८८, म्हणजे एका लोकसभेत सहा विधानसभा. बूथ धर दोन हजारांच्या आसपास. एजंट शक्यतो त्याच भागातला मतदार हवा, पुण्यातले तुझे मित्र इथं येऊन नाही बसवता येणार. शिवाय पहाटे पाचपासून संध्याकाळपर्यंत एकच माणूस कसा बसेल, जेवायला उठला की बदली माणूस लागतोच. म्हणजे दोन हजार नाही, चार हजार. आणि नुसती टाळकी नकोत, यादीत हा मयत झाला, ही मुलगी सासरी गेली, हा मुंबईला असतो पण मतदानाला येतो, हे तोंडपाठ असणारी माणसं पाहिजेत.

मोठ्या पक्षांना ही माणसं कुठून मिळतात ते तू शहरात राहून विसरलीस वाटतं. सोसायटी, दूध संघ, कारखाना, बँक, शिक्षण संस्था. कुणाचा पोरगा तिथं क्लार्क, कुणाचं कर्ज तिथलं, कुणाचा ऊस कधी तोडायचा ते त्यांच्या हातात. तो माणूस बूथवर बसतो तो काय विचारधारेसाठी बसत नाही. (काही बसतात, सगळेच मिंधे आहेत असं नाही म्हणत मी, सतरंज्या उचलून म्हातारे झालेले पण बघितलेत.) तुझ्याकडे द्यायला यातलं काही नाही. मग तो तुझ्यासाठी का बसेल, या प्रश्नाचं उत्तर आधी शोध, बाकी सगळं नंतर.

शेतकरी नेते राजू शेट्टींचं उदाहरण तू प्लॅनमध्ये टाकलंयस, २००९ ला हातकणंगल्यातून लोकसभेत गेले, लोकांनी वर्गणी काढून निवडून दिलं, एक व्होट एक नोट. बरोबर आहे, पण तू गोष्ट शेवटाकडून वाचतेस. ते २००२ ला जिल्हा परिषदेत गेले, २००४ ला शिरोळमधून आमदार झाले, आणि त्याच्या आधीपासून ऊसदराची आंदोलनं, लाठ्या, केसेस. ज्या शेतकऱ्याला उसाला चार पैसे जास्त मिळाले त्यानं नोट दिली आणि तोच बूथवर बसला. नोट ही नंतरची गोष्ट आहे. आणि त्याच मतदारसंघात २०१९ ला आणि २०२४ ला ते पडले हे पण लिही की प्लॅनमध्ये, हे असं एकदा उभं केलं की कायमचं राहतं असं नाही.

जॉर्ज फर्नांडिसांचं पण तेच. १९६७ ला दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं, पाटील म्हणजे तेव्हा केंद्रात रेल्वेमंत्री, मुंबई काँग्रेस त्यांच्या मुठीत. जॉर्जच्या लोकांनी एक गोष्ट फार हुशारीनं केली, पाटलांना हरवता येतं हेच लोकांच्या मनात भरवलं, पोस्टरं लावून. कारण बसलेल्या माणसाची अर्धी ताकद म्हणजे लोकांना वाटत असतं हा काही पडत नाही, उगाच मत कशाला वाया घालवा. पण तेव्हा जॉर्ज महापालिकेत नगरसेवक होते आणि टॅक्सीवाले, हॉटेल कामगार, पालिकेचे कामगार अशा सगळ्यांच्या युनियनी त्यांच्या मागं होत्या. पोस्टर चिकटवायला माणूस लागतो ना, तो आधीपासून होता.

सांगलीचं २०२४ चं म्हणशील तर विशाल पाटील अपक्ष आले, लिफाफा चिन्हावर, लाखभर मतांनी. पण ते वसंतदादांचे नातू आहेत बाई. त्या वेळी अख्ख्या देशात ५४३ पैकी अपक्ष निवडून आले सात. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये, आकडा माहीत असावा म्हणून सांगतेय.

आता चिन्ह. तू लिहिलंयस "चिन्ह जानेवारीपर्यंत फायनल करू, मग ब्रँडिंग". असं होत नाही. अपक्षाला चिन्ह अर्ज माघारीची मुदत संपल्यावर मिळतं, मोकळ्या चिन्हांच्या यादीतली तीन तू पसंतीनं लिहायची आणि त्यातलं काय मिळेल ते मिळेल, दोघांनी एकच मागितलं तर चिठ्ठी. तिथून मतदानाला साधारण दोन आठवडे राहतात आणि त्यातले शेवटचे ४८ तास प्रचार बंद. कमळ, पंजा लोकांना आज्यापासून माहितीये आणि तुझं काय ते शिट्टी नाहीतर कपाट दोन आठवड्यांत सहा विधानसभांत पोचवायचं. मशीनवर पण आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग अपक्ष, म्हणजे तू खाली कुठंतरी, उमेदवार जास्त झाले तर दुसऱ्या मशीनवरसुद्धा. सातारला २०२४ ला काय झालं बघ, तुतारी वाजवणारा माणूस हे शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह आणि एका अपक्षाला नुसती तुतारी, ज्याला आपण पिपाणी म्हणतो ती. पवारांचे शशिकांत शिंदे ३२ हजारांवर मतांनी पडले आणि पिपाणीला ३७ हजार मतं. दिंडोरीत तर पिपाणीवाल्याला लाखावर गेली, तिथं पवारांचा उमेदवार निवडून आला तरीपण. एवढा मोठा पक्ष, तरी नवीन चिन्ह म्हटल्यावर ही गत. म्हणून म्हणते चिन्ह आयत्या वेळी येणार असेल तर तुझं नाव आणि तुझा चेहरा आधी पोचला पाहिजे, मशीनवर फोटो असतो आता, फोटो बघून ओळखतील इतपत लोकांनी तुला प्रत्यक्ष बघितलेलं असलं पाहिजे. मोबाईलवर नाही, ओट्यावर.

पैशाचं थोडक्यात सांगते कारण ते तुझ्या त्या सीए मैत्रिणीला जास्त कळेल. खर्चाची मर्यादा ९५ लाख आहे, तू तिथपर्यंत पोचत नाहीस त्यामुळं ती चिंता सोड. पण अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं खातं उघडावं लागतं, सगळा खर्च त्यातूनच, दहा हजारांच्या वर रोख व्यवहार नाही. रजिस्टर मिळतं, पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची, प्रचाराच्या काळात तीनदा तपासायला न्यायचं आणि निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशोब द्यायचा. नाही दिला तर तीन वर्षं उभं राहायला बंदी येऊ शकते, आणि बरेच अपक्ष यातच अडकतात, हरल्यावर कोण पावत्या लावत बसतो. आणि हो, मोठ्या पक्षांच्या ४० स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत, पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही, तुला मात्र चहाची किटली पण लिहावी लागणार. चिडून उपयोग नाही. लिही.

बाबांचं म्हणणं एकच, डिपॉझिट जाणार. २५ हजार. जाऊ दे की, घरातला टीव्ही त्याच्यापेक्षा महाग आहे. पण ते काय असतं ते समजून घे, एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा कमी मिळाली तर जप्त. समजा १२ लाख मतं पडली तर दोन लाख पाहिजेत नुसती अब्रू वाचवायला. पहिल्या खेपेला दोन लाख मिळतील असं मला वाटत नाही, खोटं कशाला सांगू. पण २०२९ ला तुला चाळीस हजार पडली आणि ती कुठल्या बूथवर किती पडली, का पडली, तिथं कोण बसलं होतं, हे तुझ्याकडे लिहिलेलं असलं तर मी त्याला हरणं म्हणणार नाही. आणि दोन लाख पडली पण का पडली ते तुला माहीत नसलं, कुणावरचा राग तुझ्या पदरात पडला एवढंच असलं, तर पुढच्या वेळी तो राग दुसरीकडे जाईल. लोक व्होटकटवा म्हणतील, पैसे घेऊन उभी राहिली म्हणतील, मुलगी आहेस तर अजून काय काय म्हणतील ते मी इथं लिहीत नाही. त्याला स्टेजवरून उत्तर देऊ नकोस. ज्या गावात तुझं माणूस बसलेलं आहे तिथं तो परस्पर उत्तर देतो.

एका बूथनं काय होतं असं कुणी म्हटलं तर त्याला वायव्य मुंबई सांग. २०२४ ला रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले, लोकसभेला, अठ्ठेचाळीस.

म्हणून माझं ऐकशील तर पदयात्रा वर्षभर पुढं ढकल. आधी एका तालुक्याच्या मतदार याद्या काढ, याद्या घेऊन एकेका बूथवर जा आणि फक्त नावं तपास. कोण मयत, कोण गेलं, कुणाची सून आली आणि नाव चढलं नाही. जिचं नाव कुठंच नाही तिचा नवीन नोंदणीचा फॉर्म ६ आणि माहेरच्या यादीत असेल तर बदलीचा फॉर्म ८ भरून दे. मत मागू नकोस, निवडणुकीचं नावच काढू नकोस. ज्या सुनेचं नाव तू चढवलंस तिच्या घरात तुला पाणी मिळतं, बसायला मिळतं, आणि त्या गल्लीत अजून कोण असं धडपडणारं आहे ते तिथंच कळतं. तीच तुझी एजंट. बायका एजंट म्हणून फार चांगल्या बसतात हे मी ड्युटीवर बघितलंय, मध्येच उठून तंबाखू मळायला जात नाहीत आणि चेहऱ्यावरून कोण कुणाची ते ओळखतात. पण त्यांना कोणी विचारतच नाही. रोज थोडं कर, वर्षात तालुका होईल, दोन वर्षांत कदाचित अर्धा मतदारसंघ. पूर्ण नाही होणार. ज्या बूथवर माणूस नाही मिळालं ते वहीत लाल शाईनं लिहून ठेव, स्वतःला फसवू नकोस.

अजून एक राहिलं. अपक्षाला सूचक, म्हणजे उमेदवारी अर्जावर सही करणारे मतदार, दहा लागतात, त्याच मतदारसंघातले. मान्यताप्राप्त पक्षवाल्यांना एक पुरतो. ही दहा माणसं कोण ते आत्तापासून ठरव, कारण सुरतेत २०२४ ला काय झालं ते आठव, सूचकांनीच लिहून दिलं की सह्या आमच्या नाहीत, काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि समोरचा बिनविरोध, मतदानच नाही. आणि ते सूचक कोणी परके नव्हते, नात्यातली माणसं होती त्यात. तेव्हा दहापैकी एक सही माझी धर. बाबांची तुझी तू मिळव, दिवाळीला येशील तेव्हा बोल, मी मध्ये पडणार नाही.

तुझी,
आई