४ तासांचा बल्ब ३८ मिनिटांत विझतो, त्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ९ वॅटचे रिचार्जेबल इन्व्हर्टर बल्ब (४ नग) खोक्यावर लिहिल्याप्रमाणे चालत नसल्याबाबत.

महोदय,

मी यावल तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. मार्चअखेरीस आपल्या संकेतस्थळावरून चार बल्बांचा संच १,१९६ रुपयांना मागवला. खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे, 'लाईट गेल्यावर ४ तास उजेड'. ते वाचूनच पैसे भरले.

उन्हाळ्यात आमच्याकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, होतात. ज्वारी भिजवायची, भरडायची आणि पहाटे चारला चुलीवर मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, त्याचा घाटा शिजवायला घ्यायचा, कारण ऊन चढायच्या आत बिबडे थापून वाळत पडले पाहिजेत. घाटा रटरटू लागला की ढवळायचा चाटू थांबवता येत नाही. थांबला की तळाशी लागतो आणि सगळा घाटा करपट होतो. त्या पहाटे लाईट गेली, आपला बल्ब चालू राहिला, जमलेल्या सगळ्या बायकांना बरे वाटले. घाटा अर्धाकच्चा असतानाच तो मंद होत होत विझला. कुणी मोबाईल शोधून टॉर्च लावेपर्यंत सासूबाईंचे मनगट गंजाच्या काठाला लागले. फोड आठ दिवस होता. सहा किलो ज्वारीचा घाटा खाली लागला, तो गुरांना घातला.

एखादा नग खराब निघतो, हे मला कळते. म्हणून चारही बल्ब आठ-आठ तास चार्ज केले आणि घड्याळ समोर ठेवून एकेक तपासला. ३८ मिनिटे, ४१, ३६ आणि पुन्हा ३८. तोही उजेड पहिल्यापासून निम्माच.

माझा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतो. त्याने खोक्याच्या तळाची बारीक अक्षरे वाचली: बॅटरी ३.७ व्होल्ट, १२०० मिलीअँपिअर-तास. म्हणजे साठवण ४.४४ वॅट-तास. ९ वॅटने पेटवला तर अर्धा तास. ४ तास चालवायचा तर जेमतेम १ वॅटचा मिणमिणता उजेड मिळेल. हा हिशेब मुलाने वहीच्या पाठीवर दोन ओळींत केला. बल्ब बनवणाऱ्यांना तो आधीच माहीत असणार, आणि मला सगळ्यात जास्त लागले ते हेच.

आपल्या फोनवरच्या ताईंनी सांगितले, तुमच्या भागात ऊन फार, उष्णतेने बॅटरी लवकर उतरते. उष्णतेने लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते हे खरे, पण बल्ब घेऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो हे काही गुपित नाही. माल इथे विकायचा असेल, तर तो इथल्या उन्हात टिकायला हवा. वर 'बॅटरीला वॉरंटी नाही' असेही ऐकवले. खोक्यावर एक वर्षाची वॉरंटी आहे, आणि बॅटरी वगळल्याचे कुठेही लिहिलेले नाही.

स्वस्त वस्तूंवर माझा राग नाही. माझे घर त्यांच्यावरच चालते. ज्या छोट्या डिजिटल काट्यावर मी बिबडे मोजून विकते, तो तीनशे रुपयांचा आहे. तीन वर्षे झाली, पावशेराला पावशेरच दाखवतो. मच्छर मारायची रॅकेट तिसऱ्या पावसाळ्यात चालू आहे. आपला बल्बही '४० मिनिटे उजेड' असे छापून आला असता, तरी मी एखादा देवघरासाठी घेतला असता. चुलीपाशी मात्र कंदील ठेवला असता.

तरी माझ्या मागण्या अशा: १,१९६ रुपये पूर्ण परत मिळावेत. चारही बल्ब आपल्या खर्चाने न्यावेत. आत बॅटरी आहे, ती उकिरड्यावर टाकायची नाही, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. आणि खोक्यावरचे '४ तास' पुसून खरा वेळ, खऱ्या उजेडासह छापावा.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. राहत्या जिल्ह्यात दावा करता येतो आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही, याची चौकशी मी केली आहे.

सोबत पावती, खोक्याचे चारही बाजूंचे फोटो आणि घड्याळासह काढलेले व्हिडिओ जोडले आहेत.

आपली ग्राहक,
ता. यावल, जि. जळगाव