दुसऱ्या फळीचा हिशेब नुसत्या बेरजेने लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतील संघांच्या राखीव खेळाडूंविषयी आपल्या क्रीडा पानावर वाचकांची जी पत्रे येत आहेत, ती मी नेमाने वाचतो आहे. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच कसोटी लावलेली दिसते, ती म्हणजे बेंचवरून आलेल्या खेळाडूंनी मिळून किती गुण केले. ही बेरीज मोठी असली की त्यांतल्या सर्वाधिक गुण करणाऱ्याला पहिल्या पाचांत घ्या अशी मागणी होते आणि ती लहान असली की सगळी दुसरी फळीच बदला असे म्हटले जाते. या दोन्ही मागण्या मला चुकीच्या वाटतात.

साधा हिशेब मांडून पाहू. एनबीएचा सामना 48 मिनिटांचा असतो आणि मैदानावर एका वेळी पाच जण असतात, म्हणजे प्रशिक्षकाला एकूण 240 मिनिटे वाटायची असतात. पहिले पाचही जण प्रत्येकी 34 मिनिटे खेळले, तरी 70 मिनिटे उरतातच. ही मिनिटे प्रामुख्याने पहिल्या क्वार्टरच्या अखेरीपासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत आणि तिसऱ्याच्या अखेरीपासून चौथ्याच्या सुरुवातीपर्यंत येतात. पहिल्या फळीने घाम गाळून मिळवलेली दहा गुणांची आघाडी या काळात चार मिनिटांत वाहून जाऊ शकते. त्यामुळे दुसऱ्या फळीने किती गुण केले यापेक्षा ती मैदानात उतरली तेव्हा आघाडी किती होती आणि परतली तेव्हा किती राहिली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या फळीने सहा मिनिटांत केवळ आठ गुण केले, पण प्रतिस्पर्ध्याला सातच करू दिले, तिने आपले काम चोख केलेले असते.

मी स्वतः महाविद्यालयाच्या संघात राखीव खेळाडू होतो, म्हणून आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगू शकतो. अर्धा तास बसून राहिल्यावर गुडघे आखडलेले असतात, तळवे थंड पडलेले असतात आणि पहिला पास हातात येतो तेव्हा चेंडू नेहमीपेक्षा जड लागतो. समोरचा मात्र तोवर पुरता तापलेला असतो. अशा अवस्थेत उतरून पहिल्या दोन मिनिटांत चूक न करणे हे वेगळेच कौशल्य आहे. सुरुवातीपासून उत्तम खेळणाऱ्या प्रत्येकाकडे ते असतेच असे नाही, आणि गुणफलकावर त्याची नोंदही होत नाही.

चांगल्या खेळाडूला बेंचवर बसवणे हा त्याचा अपमान आहे, असे एका पत्रात म्हटले होते. सॅन अँटोनियो स्पर्सच्या मनू जिनोबिलीचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. 2007-08 च्या हंगामात तो बहुतेक सामन्यांत बेंचवरून आला, त्याने सामन्यामागे 19.5 गुण केले आणि त्या वर्षीचा ‘सिक्स्थ मॅन’ (सर्वोत्तम राखीव खेळाडू) पुरस्कार पटकावला. पहिल्या पाचांत त्याला सहज जागा मिळाली असती. पण तेथे टोनी पार्कर आणि टिम डंकन होते आणि ते विश्रांतीला गेल्यावर चेंडू हाती घेऊन डाव रचणारे कोणीतरी हवे होते. जिनोबिली पहिल्या पाचांत खेळला असता, तर तिघांनाही एकच चेंडू वाटून घ्यावा लागला असता आणि दुसरी फळी मात्र पोरकी झाली असती.

यावर 2015 च्या अंतिम मालिकेचा दाखला कोणी देईल, आणि तो विचारात घ्यायलाच हवा. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा आंद्रे इगुओडाला त्या नियमित हंगामात एकही सामना सुरुवातीपासून खेळला नव्हता. प्रतिस्पर्धी क्लीव्हलंडने मालिकेत 2-1 अशी आघाडी घेतल्यावर वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी चौथ्या सामन्यात सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, अँड्र्यू बोगटला बसवून त्याला पहिल्या पाचांत घेतले. वॉरियर्सनी सलग तीन सामने जिंकले आणि अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान इगुओडालाला मिळाला. पण हा बदल त्याच्या गुणांची बेरीज पाहून झालेला नव्हता. उंची कमी करून वेग वाढवायचा आणि क्लीव्हलंडच्या लेब्रॉन जेम्ससमोर भक्कम बचावपटू उभा करायचा, हा त्यामागचा विचार होता. त्याच खेळाडूला हंगामभर बेंचवरून आणणेही तितकेच योग्य होते, असे माझे मत आहे.

खरा प्रश्न कोण कोणाबरोबर खेळतो हा आहे. दुसऱ्या फळीत चेंडू हातात असल्याशिवाय उपयोगी न पडणारे दोघे एकत्र आले आणि स्क्रीन लावणारा (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवणारा) किंवा रिबाउंडसाठी (हुकलेल्या फेकीचा चेंडू मिळवण्यासाठी) झुंजणारा कोणीच नसला, तर प्रत्येकाची वैयक्तिक आकडेवारी कितीही चांगली असली तरी खेळ अडखळतो. म्हणूनच जाणते प्रशिक्षक पहिल्या पाचांतला एक जण लवकर बाहेर काढतात आणि दुसऱ्या फळीबरोबर पुन्हा उतरवतात. प्लस-मायनसचा, म्हणजे खेळाडू मैदानात असताना संघाने केलेल्या आणि दिलेल्या गुणांतील फरकाचा, आकडा वाचतानाही हे ध्यानात ठेवावे लागते, कारण एका सामन्यातला उणे नऊ हा बहुधा त्या पाच जणांचा मिळून असतो.

2025 च्या अंतिम मालिकेतील तिसऱ्या सामन्यात इंडियाना पेसर्सच्या बेंचने ओक्लाहोमा सिटीच्या बेंचवर 49-18 अशी मात केली आणि त्यांत बेनेडिक्ट मॅथुरिनचे 27 गुण होते. ही बेरीज साऱ्यांच्या लक्षात राहिली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्याच बेंचवरचा टी. जे. मॅककॉनेल येतो. बास्केट झाल्यावर बाकीचे खेळाडू मागे वळतात, त्या क्षणी तो बेसलाइनजवळ (बास्केटमागच्या सीमारेषेजवळ) घुटमळत राही आणि प्रतिस्पर्ध्याने आत टाकलेला निर्धास्त पास झडप घालून पळवी. त्या सामन्यात त्याच्या नावावर दहा गुण, पाच असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि पाच स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून पळवलेले चेंडू) होते. इंडियानाने पुढे मालिका 4-3 अशी गमावली, तरी त्या रात्री त्याने सामन्याची लय बदलली होती, हे नाकारता येणार नाही.

माझी आपणास विनंती आहे की, सामन्याच्या वृत्तात बेंचचे एकूण गुण छापताना दुसरी फळी उतरली त्या वेळचा आणि पहिली फळी परतली त्या वेळचा गुणफलकही द्यावा. जागा दोनच ओळींची लागेल, आणि वाचकांच्या चर्चेला अधिक पक्का आधार मिळेल.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक