मत देण्याआधी पाच पुस्तकं

शहापूर, बेळगाव

चि. बाळीस अनेक आशीर्वाद,

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहिते. खानापूरकडच्या तुझ्या शाळेत पोरांच्या मतावर पुस्तकाला बक्षीस द्यायचं म्हणतेस, दे की. टेक्सासच्या ब्लूबॉनेट पुरस्काराचं तू सांगितलंस, ते नंतर वाचून काढलं. तिथल्या ग्रंथालय संघटनेनं 1979 साली तो सुरू केला. मत देतात तिसरी ते सहावीची मुलं. मला पटली ती त्यांची अट. यादीत वीस पुस्तकं, आणि त्यातली निदान पाच वाचल्या-ऐकल्याशिवाय मत नाही! खरं काम ही अटच करते. आवडीचं एखादं पुस्तक पोरगं कसंही वाचतं, उरलेल्या चारांना त्यानं एरवी हात लावला नसता.

मत पोरांचं असलं तरी यादी मोठ्यांचीच असते, तेव्हा तिथं नीट लक्ष घाल. मराठी शाळा म्हणून सगळी पुण्या-मुंबईची पुस्तकं भरू नकोस. रानातल्या, वाडीवरच्या, मुसलमान घरातल्या पोरांच्याही गोष्टी असू देत. आणि एक-दोन सोपी कन्नड पुस्तकं ठेवच. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. मराठीची माया मला कुणी शिकवायला नको. पण घरात मराठी बोलणारे कवी बेंद्रे कन्नडात लिहून ज्ञानपीठापर्यंत गेले, आणि ज्ञानपीठ मिळालेले कन्नड लेखक कंबार तर आपल्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालू दे. पोरांच्या दप्तरात कशाला?

तुला वीस पुस्तकं झेपणार नाहीत, दहा पुरेत. मात्र प्रती सगळ्यांच्या सारख्या घे. एकाच्या चार आणि दुसऱ्याची एक असली, तर चारवालंच जिंकणार, त्यात पोरांची आवड कुठली? ज्यांना अजून सरसर वाचता येत नाही त्यांना तू वाचून दाखव, तेही धर. हात वर करायला लावू नकोस, सगळे तुझ्या तोंडाकडे बघतील. चिठ्ठ्या टाकू देत.

तुला आवडलेलं पुस्तक हरलं तर चेहरा पाडू नकोस हं, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

पगारातले पैसे घालू नकोस, बाबा देतो म्हणालेत. रविवारी येशील तेव्हा यादी आण, गणपत गल्लीत वाचनालयात जाऊन बघू.

तुझी,
आई