रात्रीच्या पाळ्या वाटून देणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम जय ख्रिस्त.

नाव कुठंही लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंय, म्हणून नावाशिवाय लिहितेय. मिरजेतल्या आपल्या मंडळीला तुम्ही कोण ते कळेलच. बाकीच्यांना तुमच्या नावापेक्षा तुम्ही काय केलंत ते कळणं जास्त गरजेचं आहे.

पप्पांना लकवा झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर भेटायला खूप लोक आले. त्यांनी वचनं वाचली, प्रार्थना केल्या, आणि त्यांचा आईला आणि मला फार आधार वाटला. तुम्ही आलात त्या संध्याकाळी मात्र आधी मोरीत जाऊन हात धुतलेत. चादरीची सुरकुती ओढून सरळ केलीत. पप्पांच्या टाचा बघितल्यात, त्यांना कुशीवर वळवून माकडहाडापाशी बघितलंत. तिथं कातडी लाल झाली होती. तुम्ही बोटानं दाबलंत, सोडलंत आणि मला जवळ बोलावून म्हणालात, "दाबल्यावर पांढरं पडतंय ना, म्हणजे अजून वेळ आहे. चोळायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची." प्रार्थना तुम्ही सगळ्यात शेवटी केलीत, तीही दोन वाक्यांची.

त्यानंतर तुम्ही मला जे शिकवलंत ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहिते. लुळा पडलेला हात धरून माणसाला कधी ओढायचं नाही, खांदा निखळतो. भरवताना पाठ ताठ, हनुवटी किंचित छातीकडे, घास चांगल्या बाजूच्या गालात, आणि आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही. जेवण झालं की निदान अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन छातीत उतरतं. पातळ पाण्यानं ठसका लागतो, म्हणून पेज जरा दाट ठेवायची. तोंड रोज आतून पुसायचं, दात नसले तरी. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल, ते खोलीत नसल्यासारखं, बोलायचं नाही. हे शेवटचं तुम्ही पाहुण्यांनाही सांगितलंत, ज्येष्ठ मंडळींनासुद्धा, आणि कुणाला वाईट वाटेल याची फिकीर केली नाहीत.

डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या इथल्या मिशन हॉस्पिटलात तुम्ही शिकलात. दक्षिण महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून गाड्या भरभरून रोगी मिरजेला यायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मोठ्या शस्त्रक्रियांच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. पण रोगी बरा होऊन घरी जायचा त्यामागं चादरी ओढणारे, भांडी बदलणारे, रात्री टाचा तपासणारे किती हात होते, ते मला तुमच्याकडं बघून कळलं.

बायबलातली याईराच्या मुलीची गोष्ट तुम्ही मला पप्पांना पेज भरवता भरवता सांगितलीत. बारा वर्षांची मुलगी मरणातून उठली, घरचे सगळे थक्क होऊन उभे, आणि प्रभू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. "एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर त्याला तिची भूक आठवली," असं म्हणताना तुमचा चेहरा उजळला होता. मी ती गोष्ट शब्बाथ शाळेपासून ऐकतेय, पण हे वाक्य माझ्या कानावरून नुसतं जायचं. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना आणून केडगावला आसरा दिला, त्यामागंही हीच नजर असणार असं मला वाटतं. श्रद्धेला समोरच्याचं पोट, त्याची पाठ, त्याची कोरडी जीभ दिसलीच पाहिजे.

आणि पप्पांचा आवाज! त्यांना "पाणी" म्हणता येत नव्हतं. माझं नाव येत नव्हतं, आणि ते आठवायच्या धडपडीत ते रडायचे. तुम्ही म्हणालात, बोलता येत नसलं तरी लहानपणापासून पाठ असलेलं, सुरात म्हटलेलं पुष्कळदा टिकून राहतं, करून बघू. तुम्ही त्यांचा डावा हात धरलात आणि प्रभूची प्रार्थना हळू चालीवर सुरू केलीत. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एवढं तुमचं, आणि पुढं पप्पा. अडखळत, पण शब्दांसकट. आई दारातच खाली बसली. त्यानंतर रोज रात्री घरात तीन आवाजांत प्रार्थना व्हायची. बाकीचं बोलणं फारसं परत आलं नाही, पण ही प्रार्थना अखेरपर्यंत राहिली.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे, त्याकडं येते. भाऊ पुण्याला, आई सत्तरीपुढची, त्यामुळं रात्री मीच उठायची. सेवा म्हणजे स्वतःला संपवणं, असंच आपल्याकडं मुलींना आणि सुनांना व्यासपीठावरून सांगितलं जातं, आणि मला ते अजूनही बरोबर वाटत नाही. तुम्ही माझे डोळे बघितलेत आणि चांगल्या शोमरोनीची गोष्ट काढलीत. वाटेत लुटून अर्धमेला टाकलेला एक अनोळखी माणूस त्याला दिसला. त्यानं त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं. "आणि दुसऱ्या दिवशी?" तुम्ही विचारलंत. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन दिवसांच्या मजुरीइतकी नाणी उतारशाळेच्या रक्षकाच्या हातात ठेवली, याची काळजी घे म्हणाला, परत येतो म्हणाला आणि आपल्या कामाला गेला. "प्रभूनं त्याला नावं ठेवली नाहीत. तूही तसंच कर असं सांगितलं. दुसऱ्याच्या हाती सोपवणं त्या 'तसंच'मध्ये आलं."

मग तुम्ही कॅलेंडरच्या पाठीमागं पाळ्या आखल्यात. बुधवार स्त्रीमंडळातल्या दोन काकूंना. शनिवार तरुण संघातल्या मुलांना, कूस बदलायची कशी ते आधी त्यांच्याकडून करून घेऊन. पाळकसाहेबांनाही एक रात्र दिलीत आणि ते आनंदानं आले. शेजारच्या भाभींनी स्वतःहून एक रात्र मागून घेतली. रमजान चालू होता, सहरीला उठायचंच असतं म्हणाल्या. मी झोपले. सकाळी उठून पप्पांशी हसून बोलता येऊ लागलं. सहनशीलता हे आत्म्याचं फळ आहे असं आपण म्हणतो, पण थकलेल्या शरीरातून ते कसं उगवणार, हा विचार मंडळीत तुमच्याशिवाय कुणी केला नव्हता.

पप्पा प्रभूमध्ये निजले तेव्हा त्यांच्या अंगावर एकही जखम नव्हती. शेवटची आंघोळ घालताना आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि पहिल्यांदा तुमचंच नाव घेतलं.

तुम्हाला दिलेलं पाकीट तुम्ही आईच्या उशाखाली परत ठेवून गेलात, ते आम्हाला नंतर सापडलं. त्यात भावानं भर घातली. त्यातून एक एअर बेड आणि एक व्हीलचेअर घेऊन चर्चच्या मागच्या खोलीत ठेवलीय. गरज असेल त्यानं न्यावी, कुठल्याही धर्माच्या माणसानं, आणि काम झालं की धुऊन परत आणून द्यावी. नोंदवही मी ठेवतेय. नेणाऱ्या घरातल्या माणसांना एकदा जाऊन कूस बदलायला, भरवायला शिकवायचं, तेही मी करणार आहे. पहिलं घर दर्ग्याजवळच्या गल्लीत आहे, तिथं एका आजींना गेल्या आठवड्यात लकवा झालाय. रविवारी उपासनेनंतर माझ्याबरोबर याल का? मी दाखवेन, तुम्ही नुसतं बसून बघा आणि माझं कुठं चुकतं ते सांगा.

तुमची,
पप्पांची मुलगी