बाबांचा अंगठा आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कोल्हापूरहून नागपूरचे आरक्षण झाल्याचे कळले. महाराष्ट्र एक्स्प्रेसने चोवीस तासांच्या वर बसणे होणार, म्हणून हे आधीच लिहीत आहे.

बाबा, मागच्या वेळी तुम्ही उतरलात तेव्हा पिशवीतल्या पाण्याच्या दोन बाटल्यांपैकी एकीचे सीलही फुटलेले नव्हते. त्याच रात्री उजव्या पायाचा अंगठा लालबुंद झाला आणि चादरीचा स्पर्शही तुम्हाला सोसवेना. तुम्ही सगळा दोष आदल्या दिवशीच्या मटणाला दिलात. मटण निर्दोष होते असे मी म्हणत नाही, पण मला जास्त संशय त्या न उघडलेल्या बाटलीचा आहे. रक्तातले युरिक ॲसिड प्रति डेसीलिटर ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की त्याचे स्फटिक होऊ शकतात, आणि शरीराच्या थंड भागांत, म्हणजे पायाच्या अंगठ्यासारख्या टोकाच्या सांध्यात, ते अधिक सहज धरतात; तुमचा गाउट तो हाच. त्यात पाणी कमी पडले की हे ॲसिड मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणेही मंदावते. चालत्या गाडीतल्या शौचालयाला कंटाळून तुम्ही पाणी टाळता हे मला ठाऊक आहे, आणि त्या शौचालयाची अवस्था पाहता तुम्हाला फार बोलवतही नाही. तरीही थोडेथोडे पीत राहा, आणि त्या निमित्ताने उठणे झाले तर ते हवेच आहे.

आई, तुझ्या गुडघ्यांचे दुखणे निराळे, झिजेचे आहे. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्या नसतात. हालचालीमुळे सांध्यातले वंगण फिरते, तेच तिचे पोषण करते, म्हणून बसून राहिले की गुडघे धरतात. तासाभराने दोघांनीही दारापर्यंत एक फेरी मारावी. बसल्याजागी घोटे फिरवलेत तरी पोटऱ्यांतले रक्त साकळणार नाही. मात्र एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर ‘गाउटच असेल’ म्हणून अंगावर काढू नका, लगेच सांगा. ती रक्ताची गुठळीही असू शकते.

बाबा, युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी आसनाखालच्या बॅगेत नको, हाताशी ठेवा, आणि अंगठा ठणकू लागला तरी ती मनाने बंद करू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढते, तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना तेवढे विचारून घ्या. बुटांऐवजी सैल चपला घालाव्यात.

डबा आणि आसन क्रमांक कळवा. मी फलाटावर येतेच आहे; बाटल्या तिथेच तपासीन.

तुमची लाडकी लेक