सदूचा नुसता छाप नको

महोदय,

'सदू' म्हटलं की आपल्याला एखादा सदाशिव आठवतो. इथे कुवेतमध्ये ते वाळवंटात भटकणाऱ्या बेदुइन अरबांच्या बायकांच्या विणकामाचं नाव आहे. २०२० साली सौदी अरेबिया आणि कुवेतच्या सदूला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. आता ही नक्षी मोबाइलच्या कव्हरवर दिसते, कॉफीच्या कपावर दिसते, कतारच्या तंबूसारख्या अल बैत स्टेडियमच्या आतही दिसते.

पण इथल्या 'सदू हाउस' या विणकाम केंद्रात एका आजींना विणताना पाहिलं आणि डोळे उघडले. जमिनीवर खुंट्या ठोकून ताणलेला आडवा माग. उभे धागे इतके दाट की आडवा धागा दिसतच नाही. 'शजरा' नावाच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या पट्ट्यात कुठला धागा वर घ्यायचा हे बोटंच ठरवतात, समोर कागद नाही. मग हरणाच्या शिंगाने वीण ठोकून घट्ट बसवायची. टोळीचा तळ हलला की माग गुंडाळून उंटावर.

आजच्या कलाकारांनी यातून नवं जरूर करावं. लोकरीऐवजी तांब्याची तार ताणली तरी माझी हरकत नाही, निदान वीण तरी शिकावी लागेल! नक्षीतले नुसते त्रिकोण उचलून कापडावर छापायचे आणि त्याला 'वारशाचा नवा अर्थ' म्हणायचं, हे मात्र पटत नाही. मध्यंतरी एका प्रदर्शनात डिझायनरचं नाव ठळक होतं. पट्टा विणणारीच्या जागी फक्त 'बेदुइन महिला'. पाटी लिहिणाऱ्याने तिला नाव विचारलं तरी होतं का?

— एक वाचक, कुवेत